सही माझी, रस्ता त्यांचा

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद येऊन पडले.

पहिला दादाने पाठवलेला कुलमुखत्यारपत्राचा मसुदा. हिंजवडीहून मारुंजीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची १८ गुंठे जमीन उरली आहे. तिथे एका बिल्डरबरोबर भागीदारीत दुकानं आणि ऑफिसांची पाच मजली इमारत बांधायची, असा घरचा विचार. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा असतो, त्यामुळे माझ्या सहीवाचून बिल्डर पुढे सरकायला तयार नव्हता.

दुसरा कागद इथला, कायझर्सलाउटर्नमधला. शहराचं जाहीर पत्रक आमच्या पत्रपेटीत येतं, त्यातली एक सूचना. आमच्या वस्तीच्या टोकाला असलेल्या सुपरमार्केटला आकार वाढवायचा आहे, त्यासाठीचा आराखडा लोकांना पाहायला ठेवला आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर मुदतीत लेखी कळवावं.

आधी वाटलं, दोन्ही कागदांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग लक्षात आलं की दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: धंदा वाढू द्यायचा की रस्ता मोकळा ठेवायचा? फरक एवढाच, की इथे मी रस्त्यावरून रोज चालणारी होते, आणि तिथे सही करणारी.

आधी तिथलं सांगते. माझ्या लहानपणी आमच्याकडे भात होता, थोडा ऊस होता, आणि रस्ता एवढा रिकामा की अण्णा बैलगाडीत झोपले तरी बैल घरी आणून सोडत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतलं. एक टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा. आज तिथे लाखाच्या वर माणसं कामाला येतात. त्या पार्काने आम्हाला काय दिलं हे विसरून बोलणं कृतघ्नपणाचं होईल. दादाला तिथे कॅन्टीनचं कंत्राट मिळालं, त्या पैशावर माझं एम.एस्सी. झालं, आणि म्हणून मी आज इथे आहे.

पण पार्क ज्या हद्दीत आहे तिचं नियोजन एमआयडीसीकडे, भोवतीच्या गावांचं कधी ग्रामपंचायतीकडे तर २०१५ नंतर पीएमआरडीएकडे, आणि हायवे ओलांडून वाकडला गेलं की पिंपरी-चिंचवड महापालिका. कोंडी एक, हद्दी तीन. माण ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे नोकऱ्या आल्यावर जवळजवळ २० वर्षांनी. तोवर ज्याला जमेल त्याने दुचाकी घेतली, ज्याला जमेल त्याने चारचाकी. तुम्ही शिवाजी चौकात किंवा भूमकर चौकात संध्याकाळी सात वाजता कधी अडकला असाल, तर पुढचं वर्णन मी करायला नको.

गेल्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत दुखू लागलं. दादाने त्यांना गाडीत घातलं. सहा किलोमीटरला एक तास दहा मिनिटं लागली. अण्णा वाचले, पण डॉक्टर म्हणाले, नशीब थोर. त्या तासाभरात दादाने मला तीनदा फोन केला. काही सांगण्यासाठी नव्हे, नुसताच. मी इथे फोन कानाला लावून हॉर्न ऐकत होते.

आणि तोच दादा आता त्याच रस्त्यावर पाच मजली इमारत बांधायला निघाला होता.

आता इथलं. आमच्या सुपरमार्केटची गोष्ट ८०० चौरस मीटरांपाशी अडते. जर्मनीत २००५ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ठरवलं की विक्रीची जागा ८०० चौरस मीटरांहून जास्त असेल तर ते दुकान ‘मोठं’. मोठ्या दुकानाला कुठेही परवानगी मिळत नाही. त्याने शहराच्या मधल्या बाजारपेठेवर आणि वाहतुकीवर काय परिणाम होईल हे आधी पाहावं लागतं. आमच्या दुकानाला ही रेषा ओलांडायची होती. आराखड्यासोबत वाहतुकीचा अहवाल होता. त्यात प्रत्येक चौकाला शाळेसारखी श्रेणी दिलेली, ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत. ‘डी’पर्यंत चालतं, ‘एफ’ म्हणजे चौक तुंबला. आमचा चौक ‘सी’वरून ‘डी’वर जाणार होता.

माहिती देण्यासाठी एका संध्याकाळी बैठक झाली. मला वाटलं होतं, सगळे विरोध करतील. पण वॉकर ढकलत आलेली माझी ऐंशी वर्षांची शेजारीण उभी राहिली आणि म्हणाली, मला गाडी चालवता येत नाही, औषधं आणि भाजी एका ठिकाणी मिळणार असेल तर मला हे दुकान हवं आहे. तिच्या मागे बसलेला एक तरुण बाप म्हणाला, माझी मुलं त्या फाटकासमोरून शाळेत चालत जातात, मला नको आहे. दोघंही खरं बोलत होते. दुकान जवळ आलं की काहींचा प्रवास कमी होतो आणि काहींच्या दारापुढची वर्दळ वाढते, आणि दोन्ही एकाच दुकानामुळे होतं.

इथल्या बांधकाम कायद्यात यासाठी एक शब्द आहे: आपवेगुंग, म्हणजे तोलणं. आराखडा करताना सार्वजनिक आणि खाजगी हितं एकमेकांसमोर ठेवून न्यायाने तोलली पाहिजेत, असं कायदाच सांगतो. व्यवहारात याचा अर्थ असा, की आलेल्या प्रत्येक हरकतीवर विचार करून निकाल कळवावा लागतो. काही महिन्यांनी तो तक्ता आला. एका बाजूला हरकत, दुसऱ्या बाजूला उत्तर. शेवटी दुकानाला परवानगी मिळाली. मुलांच्या बापाची मुख्य हरकत फेटाळली गेली, कारणासह. पण गाड्यांचं फाटक शाळेच्या वाटेवरून हलवून बाजूच्या रस्त्यावर नेलं गेलं. तो अजूनही चिडलेला असतो. पण का फेटाळली हे त्याला ठाऊक आहे.

इथे सगळं आदर्श आहे असं मी सांगणार नाही. या लाखभर वस्तीच्या शहरात २०१५ मध्ये अगदी मध्यावर मोठा मॉल उघडला, त्याबद्दल आजही कॉफीवर वाद होतात: त्याने गाव जागं झालं की फाकेलस्ट्रासेवरची जुनी दुकानं झोपली. तोलून घेतलेला निर्णयही चुकू शकतो. पण तराजू सगळ्यांसमोर असतो.

आपल्याकडे हा तराजू नाही का? आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणं, हरकती-सूचना मागवणं, सुनावणी घेणं, सगळं आहे. पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या क्षेत्राचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. लोकांना काही पडलेलं नाही, असं कोण म्हणेल? पण २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. दरम्यान इमारती थांबल्या नाहीत.

मी फोनवर अण्णांना विचारलं, “तेव्हा आपण हरकत दिली होती का?”

“नाही गं,” ते म्हणाले. “आपल्या एका कागदाने काय होतंय?”

आता थोडं माझ्या कामाचं. मी विद्यापीठात रांगांच्या गणितावर काम करते. गाड्यांच्या नव्हे, संगणकांच्या जाळ्यातून धावणाऱ्या माहितीच्या. पण रांग ती रांग. साध्यात साध्या प्रारूपात एकच खिडकी धरा, लोक मनाला येईल तेव्हा येतात असं धरा. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगेसकट तुमचा वेळ प्रत्यक्ष कामाच्या सरासरी पाचपट लागतो. ९० टक्के असेल तर दहापट. ९५ टक्के असेल तर वीसपट. खरा रस्ता इतका साधा नसतो, पण स्वभाव हाच. रिकाम्या रस्त्यावर ५० गाड्या वाढल्या तर कुणाला कळतही नाही. भरत आलेल्या रस्त्यावर त्याच ५० गाड्या सगळ्यांची संध्याकाळ खातात.

म्हणून “सगळ्यांनी बांधलंय, आपण एकाने बांधलं तर काय बिघडलं” हा हिशेब फसवा आहे. शेवटी येणारा सर्वांत महाग पडतो. पण ती किंमत त्याच्या वहीत दिसत नाही, कारण ती रस्त्यावरच्या हजारो माणसांत दोन-दोन मिनिटांनी वाटली जाते. भाडं मात्र सगळं त्याच्या खात्यात जमा होतं. रस्ता रुंद करून हे सुटतं असंही नाही. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित नियमावलीत किती चटईक्षेत्र मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता रुंद झाला की इमारती उंच होतात, आणि रस्ता पुन्हा भरतो.

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, तुझं गणित बरोबर असेल. पण अण्णांना घेऊन त्या रस्त्यावर मी बसलो होतो. तरी मी बांधायचं म्हणतोय, ते का, याचं गणित कर. पार्कातलं कंत्राट गेलं. पोरांच्या फिया आहेत. शेजारच्याने सात मजले चढवलेत. आपली जमीन मोकळी ठेवली तर रस्ता मोकळा होणार आहे का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मला लाजच वाटली. माझं नाव सातबाऱ्यावर आहे, पण माझे पाय त्या रस्त्यावर नाहीत. मी नाही म्हटलं तर माझं काहीच अडत नाही. हो म्हटलं तरी माझी संध्याकाळ खराब होत नाही. नुसती नकाराची सही ही फुकटची नीती झाली असती.

मग मला शेजारीणबाई आठवल्या. गावात आई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कुणाच्या तरी गाडीवर बसून हिंजवडीला जाते. वहिनी पोरांच्या शिकवणीसाठी वाकडला. म्हणजे जवळ दुकान हवं होतंच. प्रश्न बांधायचं की नाही हा नव्हताच. काय बांधायचं आणि त्याचं दार कुठे ठेवायचं हा होता.

दोन आठवडे आम्ही फोनवर भांडलो, मग बोललो. मी अटी लिहिल्या. पाचऐवजी तीन मजले. खाली औषधांचं दुकान, किराणा, डॉक्टरांना जागा. वर शिकवणी वर्ग आणि छोटी ऑफिसं. गाड्या आत लावायच्या, आणि फाटक मुख्य रस्त्यावर नाही, शेताच्या बाजूच्या गल्लीत. पुढची १५ फुटांची पट्टी मोकळी, म्हणजे पीएमपीएमएलची बस रस्ता न अडवता उभी राहील. आणि शेवटची अट: यामुळे जे उत्पन्न कमी होईल ते माझ्या हिश्श्यातून वजा करायचं. अट माझी, तर किंमतही माझीच.

पहिला बिल्डर हसला आणि निघून गेला. तीन महिन्यांनी दुसरा, लहान, तयार झाला. मी दीड तासाचा रेल्वेप्रवास करून फ्रँकफर्टच्या वकिलातीत गेले आणि सही केली. परतताना वाटलं नाही की काही मोठं केलं. हिंजवडीच्या कोंडीतून मी फार तर थेंबभर कमी केलं असेल.

तुम्हालाही असा मसुदा येईल. बहुतेक वेळा सोबत “फक्त शेवटच्या पानावर सही” असा निरोप असतो. माझी विनंती एवढीच, की सगळी पानं वाचा, आणि फाटक कुठल्या रस्त्यावर आहे ते विचारा. आणि ज्यांना तिथे रोज राहायचं आहे त्यांचा हिशेब ऐकल्याशिवाय आपली नीती सांगू नका.

परवा दादाने फोटो पाठवला. कुंपण ठरल्याप्रमाणे १५ फूट आत घेतलं आहे, आणि त्या मोकळ्या पट्टीत आताच एक वडापावची गाडी आणि दोन टेम्पो उभे आहेत. खाली त्याने लिहिलं होतं, “ही बघ तुझ्या बसची जागा.”

मी हसले. मग त्याचाच दुसरा निरोप आला. “नवीन आराखडा निघेल तेव्हा हरकत तू लिही. बस थांबा मागू. मी स्वतः नेऊन देतो, पोच घेऊन येतो.”