थबकण्याचे गुण

नॉर्वेत घडलेले ‘कहूट’ २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले. पडद्यावर प्रश्न, चार रंगांत चार पर्याय. बरोबर उत्तर जितके लवकर, तितके गुण अधिक. वृत्ते, अलंकार, कालक्रम यांची उजळणी त्यावर उत्तम होते, आणि आमच्या वर्गातील एरवी गप्प असणारी मागची बाकेही तेव्हा उत्तरे देतात. परंतु मर्ढेकरांच्या कवितेतील उपरोधाचा रोख कोणावर, हा प्रश्न आम्ही तेथे विचारत नाही. तेथे एकाहून अधिक अर्थ संभवतात, आणि थबकणारा विद्यार्थीच बहुधा कवितेच्या अधिक जवळ असतो. घड्याळ नेमके त्या थबकण्याचेच गुण कापते. असा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहितो व उत्तर दुसऱ्या दिवशी मागतो. परीक्षा कशाची घ्यायची, हे साधनाने नव्हे, कवितेने ठरवावे.