सोळा एमबीचं कार्ड

मामेभावानं पुण्यात नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला. २००४ ची दिवाळी होती. दोन मेगापिक्सेलचा, चंदेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. आमच्या माण तालुक्यातल्या गावात फोटो म्हणजे दहिवडीचा फोटोवाला आणि त्याचा छत्तीसचा रोल, तोही लग्नाला. बिनरोलाचा कॅमेरा आलाय म्हटल्यावर माणसं बघायला यायची. पहिला प्रश्न ठरलेला, "रोल न्हाय, मग फोटू बसतो कुठं?" मी बुडाचं झाकण सरकवून पोस्टाच्या तिकिटाएवढं कार्ड काढून दाखवायचो. त्यावर बारीक अक्षरात १६ एमबी लिहिलेलं.

१६ एमबी म्हणजे किती, हे मलाही वापरल्यावरच कळलं. चांगल्या प्रतीचे काढले तर सतरा-अठरा फोटो, बास. प्रत कमी ठेवली की जास्त बसायचे, पण मग कॉम्प्युटरवर चेहरा मोठा केला की नुसत्या चौकटी दिसायच्या. मी हट्टानं चांगल्याच प्रतीचे काढायचो.

खर्च सेलचा होता. दोन पेन्सिल सेल लागायचे. दुकानातले साधे घातले तर पाच-सहा फोटोत कॅमेरा मान टाकायचा. गंमत अशी की तेच मेलेले सेल अण्णांच्या रेडिओत आणखी आठवडाभर चालायचे. अण्णा म्हणायचे, "तुझ्या यंत्राची नुसती जीभ चाटायची सवय हाय, जेवत न्हाय ते." पुढं चार्जिंगचे सेल आणले, तर चार्जरला लाइट कुठं होती? भारनियमनात रात्री लाइट आली की आधी मोटर चालू करायला पळायचं, मग सेल लावायचे.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवायचे म्हणजे दहिवडी. पहिल्यांदा गेलो तेव्हा नेट कॅफेवाल्यानं वायर लावली, तर त्याचं विंडोज ९८ म्हणालं ड्रायव्हर द्या. ड्रायव्हरची सीडी घरी, पत्र्याच्या पेटीत. एसटीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी सीडी घेऊन गेलो, तर लाइट नव्हती. तिसऱ्या खेपेला फोटो उतरले, आता न्यायचे कशात? त्यानं फ्लॉपी पुढं केली. फ्लॉपीत १.४४ एमबी, म्हणजे एका फ्लॉपीत एक फोटो. शेवटी सीडी लिहून घेतली. सातशे एमबीच्या सीडीत माझे बारा एमबी. तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या वाड्यात एवढीच माणसं व्हय?" पण सीडी एकदा लिहिली की लिहिली, म्हणून प्रत्येक खेपेला नवी.

एवढा व्याप दर आठवड्याला जमत नव्हता. मग कार्ड भरलं की एखादा फोटो पुसायचा आणि त्या जागी नवा काढायचा, अशी सवय लागली. एकदा ओट्यावर बसून असाच चाळत होतो. थोरली चुलती शेजारी निवडत बसली होती. मी म्हणालो, "काकी, हा तुमचा पुसू का? हललाय." तिचा हात सुपातच थांबला. "पुसू बिसू म्हणू नये रं बाबा माणसाला. ऱ्हाऊ दे हललेला." पुसणं हा शब्द आमच्याकडे बाईच्या कपाळाशी जाऊन थांबतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिचा फोटो ठेवला. शब्द मात्र बदलला नाही.

२००५ चा चैत्र. शिखर शिंगणापूरच्या यात्रेला निघायच्या सकाळी अण्णा विहिरीवर स्टार्टर दुरुस्त करत होते. मी हाक मारली, त्यांनी वळून बघितलं आणि बटण दाबलं गेलं. फोटोच्या नावानं अण्णा कायम छाती काढून, ओठ मिटून उभे राहायचे. या फोटोत ते हसत होते, कारण फोटो निघालाय हे त्यांना कळलंच नव्हतं. मी पडद्यावर दाखवला. त्यांनी हात धोतराला पुसले आणि कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "ऱ्हावू दे ह्यो," म्हणाले.

द्वादशीला संध्याकाळी मुंगी घाटाच्या माथ्यावर होतो. सासवडची तेल्या भुत्याची कावड खालून चढत होती. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांना सांगून कळणार नाही. उभा कडा, दगड निसटतायत, माणसांनी हाताला हात धरून साखळी केलेली, आणि मधे ती कावड वर सरकतेय. मी कॅमेरा उचलला आणि पडद्यावर आलं, कार्ड भरलंय. शेजारचे ओरडत होते, "काढ की!" मी घाईघाईनं तीन फोटो पुसले. शेळीचा, भाच्याचा आणि अण्णांचा. अण्णांच्या फोटोवर बोट क्षणभर थांबलं. घरीच तर आहेत, उद्या परत काढू, असं वाटलं. कावडीचे दोन फोटो मिळाले. तिसऱ्याला गर्दीचा लोंढा आला, कॅमेरा हातातून सुटला आणि दगडावर आपटला. लेन्स आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

आषाढात अण्णा गेले. छातीत दुखतंय म्हणाले, गाडी येईपर्यंत संपलं. दहाव्याला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध झाली, तर मतदानाच्या ओळखपत्रावरचा काळपट ठिपका आणि कुणाच्यातरी लग्नातला पाठमोरा फोटो, एवढंच निघालं. आई म्हणाली, "तू काढला हुतास की त्या दिशी. हिरीवर." मी म्हणालो, कॅमेरा फुटला ना, त्यातच गेला. खोटं बोललो. आईनं काही विचारलं नाही.

कार्ड मात्र मी अण्णांच्याच तंबाखूच्या डबीत जपून ठेवलं होतं. दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा मामेभावाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "त्याच्यानंतर कार्डात काही काढलं नाहीस ना? मग बघू." त्यानं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत असं लावून घेतलं : पुसलं म्हणजे फक्त सातबारा फाडला. रान जागेवरच असतं, दुसऱ्यानं येऊन नांगरेपर्यंत. कावडीच्या दोन फोटोंनी शेळीचं आणि भाच्याचं रान नांगरलं होतं. अण्णांचं तसंच पडून होतं.

पण एक घोळ होता. मी सारखे मधले मधले फोटो पुसत गेल्यामुळे कार्डात सलग जागा नव्हती. अण्णांचा फोटो एका तुकड्यात बसलाच नव्हता. अर्धा इथं, अर्धा दुसऱ्या रिकाम्या जागेत. आणि दुसरा तुकडा कुठं आहे ते लिहिलेली ओळ माझ्याच बोटानं गेली होती. प्रोग्रामला पहिला तुकडा सापडला, पुढचा नाही. पडद्यावर वरून हळूहळू चित्र उतरत आलं. कडुलिंबाचा शेंडा, मोटरीच्या खोलीचा पत्रा, अण्णांचा पटका, कपाळ, डोळे. नाकाच्या मध्यावर चित्र थांबलं. त्याच्या खाली नुसता राखाडी रंग.

तेवढाच छापून घेतला आणि गावी आलो. आईसमोर ठेवला, आणि मी पुसला होता हेही सांगितलं. तिनं फोटो उजेडाकडे धरला.

"हसल्यात न्हवं?"

"व्हय."

"डोळ्यावरनं कळतंय."

फोटोवाला म्हणाला, खालचं तोंड दुसऱ्या फोटोतलं जोडून देतो, कोट घालून देतो, कुणाला कळायचं नाही. त्यानं असे बरेच करून दिलेत, वाईट नसतात. मलाही वाटलं, द्यावं करून. आई म्हणाली, "नगं. दुसऱ्याचं तोंड कशाला?"

फोटो मधल्या खोलीत लावलाय. हार आई स्वतःच घालते, आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खिळे मारून तो थोडा खालीच अडकवते, म्हणजे राखाडी भाग झेंडूखाली झाकला जातो.