डोंबिवली फास्ट, शेजवान हाफ

डोंबिवलीत घरचं जेवण विकत मिळतं. पोळी-भाजी केंद्रात घडीच्या पोळ्या, मटकीची उसळ, सणाला पुरणपोळी... सगळं तयार. नोकरी करणाऱ्या आयांना या केंद्रांनी मोठा हात दिला, वादच नाही. पण ठाण्याला आत घुसलेली गर्दी अंगावर झेलत, मुंब्र्यापासून एका पायावर उभं राहून जो जीव डोंबिवलीच्या फलाटावर फेकला जातो ना, त्याला त्या क्षणी मटकी नको असते. लाल, गरम आणि झणझणीत काहीतरी हवं असतं. थोडक्यात, मंडळी, त्याला चायनीज हवं असतं!

आता हे चायनीज चीनचं नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलंय. नेल्सन वाँग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी. त्यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं-लसूण-मिरचीवर गरम मसाल्याऐवजी सोया सॉस ओतला आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं, असं सांगतात. चर्चगेटच्या क्लबातली ही डिश लोकलच्या मार्गाने आपल्याकडे येईपर्यंत चिकनचा कोबी झाला, एवढंच. शेजवानची गंमत तर त्याहून भारी. सिचुआन प्रांताची खरी ओळख म्हणजे जीभ बधीर करणारी मिरी. तिचं जवळचं भावंड, आपलं तिरफळ, कोकणात बांगड्याच्या आमटीत पडतं. शेजवान चटणीत मात्र नुसती लाल मिरची आणि लसूण!

माझा अड्डा पूर्वेला, मानपाडा रोडच्या एका गल्लीत. चार टेबलं, लाल स्टुलं, बोर्डावर ड्रॅगन आणि शेजारी 'शुद्ध शाकाहारीही मिळेल'. कढई भट्टीवर सतत तापलेली. भात दुपारीच शिजवून गार केलेला, म्हणून तर फ्राइड राइसचा दाणा सुटा राहतो. घरी गरम भातावर सॉस ओतून त्याचा लगदा करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. मी हाफ शेजवान आणि मनचाव घेते. सूपवरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या वाटीत मागायच्या, नाहीतर दोन मिनिटांत त्यांच्या शेवया होतात. ट्रिपल शेजवान एकटीने मागवू नये. राइस, नूडल्स, ग्रेव्ही आणि वर ऑम्लेट... ते दोघांचं काम आहे, तेही पगाराच्या दिवशी.

पण खरं सांगू? जिभेपेक्षा ती वीस मिनिटं जास्त महत्त्वाची. ऑफिसात बॉस, गाडीत चौथी सीट, घरी वन बीएचकेमध्ये चार माणसं आणि एक टीव्ही. दिवसभरात मला कुणी काही विचारत नाही, अशी हीच एक जागा. एकटी मुलगी बसलीय म्हणून इथे कुणी वळून बघत नाही. पोऱ्या न विचारता भिंतीकडचं टेबल पुसतो. कल्याण-ठाण्याच्या मैत्रिणींचंही असंच एकेक ठिकाण ठरलेलं आहे. सोबत म्हणून आम्ही एकमेकींना कधीच बोलवत नाही.

गाड्यांचं काय होईल, ही धाकधूक मात्र असते. एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतर, २०१७ साली, स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत असं हायकोर्टाने बजावलं. जिने मोकळे हवेतच, त्या जिन्यांवरून मीही रोज उतरते. पण गाडी उठली की थकलेल्या माणसाचं जेवण तेवढंच लांब जातं, हेही तितकंच खरं. माझा अड्डा दुकानात आहे, म्हणून टिकलाय.

घरी आल्यावर आईला लसणाच्या वासावरून लगेच कळतं. पूर्वी ती चिडायची, आमटी गरम केलेली असायची ना! हल्ली चपला काढायच्या आत विचारते, ''माझं ड्राय मंचुरियन कुठंय?'' आणि पार्सल मिळालं की ताट-बिट न घेता डब्यातूनच खाते, गॅलरीत, एकटी.