दोयांगच्या काठी

दिवाळीच्या सुमारास नागालँडात दोयांग जलाशयाच्या काठी संध्याकाळी उभे राहावे. अमूर ससाण्यांनी सारे आभाळ भरून जाते. २०१२ साली हेच पाहुणे इथल्या जाळ्यांत हजारोंनी मारले गेले. पुढच्याच वर्षी पांगतीच्या गावकऱ्यांनी जाळी गुंडाळली. त्या नोव्हेंबरात तीन पाखरांच्या पाठीवर पाच ग्रॅमची, उन्हावर चालणारी यंत्रे बांधली. नावे दिली नागा, वोखा, पांगती. उपग्रहाने त्यांची वाट दाखविली : अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका! २०१४ साली नागा आणि पांगती दोयांगला परतली. थव्यातले पाखरू कोणाचेच नसते. त्याला नाव दिले, की मग त्याची वाट पाहावी लागते. मीही मान वर करून उभा राहिलो.