समुद्र नाही, रविवार हवा

"मामा, आपल्या वाशिमात नेव्हीचं एनसीसी नाई का?" भाचीनं फोनवर विचारलं. ती आठवीत आहे. तिच्या शाळेत आर्मी विंग आहे. माझ्या वेळीही तीच होती. एनसीसीत आपण विंग निवडत नाही, शाळेला मंजूर झालेली असते तीच मिळते. नेव्हल विंग १९५२ पासून आहे, पण ती आमच्या वाट्याला आली नाही. मी मनाची समजूत घातली होती, की वाशिमला समुद्रच नाही, तर नेव्ही कुठून येणार?

नोकरीसाठी मुंबईत आलो आणि कुलाब्याला पांढऱ्या गणवेशातली शाळकरी मुलं दिसली. एनसीसीचीच असतील असं वाटलं, पण ती सी कॅडेट कोअरची निघाली. ही संस्था १९३८ मध्ये कराचीत सुरू झाली आणि फाळणीनंतर मुंबईत आली. तिचं मुख्यालय 'ट्रेनिंग शिप जवाहर'. नाव जहाजाचं, पण आहे ती जमिनीवरची इमारत! बरंचसं शिक्षणही जमिनीवरच होतं: कवायत, दोराच्या गाठी, झेंड्यांचे इशारे.

दोन्हींत भरती ऐच्छिकच. फरक चालवण्यात आहे. एनसीसीमागे १९४८ चा कायदा आहे, केंद्र आणि राज्य सरकार मिळून खर्च उचलतात, सैन्यदलातले लोक शिकवायला असतात. सी कॅडेट कोअर स्वयंसेवकांवर चालते. एकेकाळचे कॅडेट मोठे होतात आणि आपली नोकरी-धंदा सांभाळून, मोबदला न घेता पुढच्या पोरांना शिकवायला येतात.

हे कळलं आणि माझी जुनी समजूत ढासळली. गाठ शिकायला समुद्र लागत नाही. एकबुर्जी धरणावरून येणारं पाणी पिऊन वाढलेलं पोरगंही ती शिकू शकतं. सुट्टीचा दिवस देणारा एक माणूस मात्र लागतो. आमच्याकडे असे होते ना, पण शिकले की पुण्या-मुंबईला निघून गेले. त्यांतला एक मी.

परवा व्हिडिओ कॉलवर भाचीला क्लोव्ह हिच दाखवली. मागून तिचे आजोबा म्हणाले, "हे तर आपण खुट्याले बैल बांधतो तसंच हाय की!"

ती हसली. मग म्हणाली, "मामा, माझ्या मैत्रिणीयले बी शिकवशीन का?"

दर रविवारी अकरा वाजता, असं सांगून बसलोय. हे चारही रविवार चुकवले नाहीत.