गावरान

शब्दाची फोड करून अर्थ सांगणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. ही खोड वर्गाबाहेरही सुटत नाही, आणि तिच्यापायी गेल्या हिवाळ्यात मी एका म्हातारीला चारचौघांत खोटे ठरवले.

दर बुधवारी ती आमच्या गल्लीत यायची. टोपलीत भुसा, भुशात अंडी आणि तोंडात हाळी, "गावरान घ्या, गावरान!" त्या दिवशी अंडी पांढुरकी दिसली. दुकानातल्या 'देशी' छापलेल्या खोक्यातली तपकिरी असतात. मग ही गावरान कशी, असे मी विचारले. ती म्हणाली, "भाऊ, अंडं कोंबडीच्या मनानं व्हते, गिऱ्हाइकाच्या नाई." टोपली उचलून ती चालती झाली.

उन्हाळ्याच्या सुटीत ताईकडे गेलो. तिचे शेत अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळ. तिच्या बारा कोंबड्या. उजाडताच खुराडे उघडायचे, तिन्हीसांजेला मोजून कोंडायच्या. मधला दिवस बांधावरचे किडे, कोवळे गवत आणि खळ्यात सांडलेली ज्वारी. ताई शेणाने भरलेले मडके जमिनीवर पालथे घालून ठेवते. त्यात वाळवी धरली की पिलांची पंगत बसते. एकाच रानात चरणाऱ्या या बारा जणींत एकीचे अंडे तांबूस, दुसरीचे दुधी! कवचाचा रंग जातीवर जातो, चरण्यावर नव्हे. ऱ्होड आयलंड रेड पिंजऱ्यात ठेवली तरी तपकिरीच अंडे देणार. बलकाचेही तेच. खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क असला की तो केशरी होतो.

मी असताना एक कोंबडी मुंगसाने नेली. दुसरी खुडूक होऊन बसली, म्हणजे तिची अंडी बंद. अशी देशी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. पिंजऱ्यातली संकरित ३०० च्या आसपास. आणि मी त्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करीत असे!

घरी येऊन खोका नीट वाचला. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत ६० ग्रॅम आणि त्यावरचे अंडे अतिमोठे, ५३ ते ५९ ग्रॅमचे मोठे. शिवाय कवच, पांढरे आणि बलक तपासतात. कोंबडी रानात फिरली की नाही, हे त्यात येत नाही. खोक्यावर हिरव्यागार कुरणाचे चित्र होते आणि खाली लिहिले होते, 'शाकाहारी खाद्यावर वाढवलेली'. आमच्या हिला ते वाक्य फार आवडले होते. मला ताईच्या मडक्यातली वाळवी आठवली. कुरणात मोकळी सुटलेली कोंबडी शाकाहारी राहील कशी?

'गावरान' शब्दात गाव आहे, रानही आहे. रंग मी माझ्या पदरचा घातला होता.

हल्ली बुधवारी मी पिशवी घेऊन दारात उभा राहतो. हाळी ऐकू येते, पण मागच्या गल्लीतून.