जादा पेट्रोल आणि मोटारसायकलचा तोल

मोटारसायकलवर जादा पेट्रोल घेतले की तोल किती बदलेल हे वजनापेक्षा जागेवर ठरते. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरते. दहा लिटरचे साडेसात किलो, कॅन धरून नऊच्या आसपास. दोनशे किलोच्या गाडीला हे ओझे किरकोळ. मागे बसणारा माणूस याच्या कितीतरी पट जड असतो. पण माणूस दोन चाकांच्या दरम्यान, गाडीच्या मध्यरेषेवर बसतो. कॅन मात्र बहुधा एका बाजूला किंवा शेपटाकडे बांधला जातो.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून लेहला निघणाऱ्यांना कॅन लागतो तो मनाली-लेह रस्त्यासाठी. तिथे टांडीच्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी प्रसिद्ध आहे. अशा प्रवासाआधी भरलेल्या कॅनची चाचणी घ्यायला कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता सोयीचा ठरला. पेट्रोलची तिथे ददात नाही. पण शहरातली गर्दी, सपाट सरळ रस्ता आणि घाट हे तिन्ही शंभर किलोमीटरच्या आत मिळतात.

कॅन मागच्या चाकाच्या उजवीकडे एकटा टांगला, तेव्हा शहाडपुढच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली. हिशेब सोपा आहे. नऊ किलो वजन मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटर बाहेर असेल, तर स्वारासह २८० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य सव्वा सेंटिमीटर सरकतो. सरळ जाण्यासाठी गाडी सुमारे एक अंश डावीकडे कलती ठेवावी लागते. सपाटीवर याची सवय होते. घाटात मात्र उजव्या वळणाला गाडी पटकन कलते आणि डाव्या वळणाला तिला ढकलावे लागते. थांबल्यावर दुसरी अडचण दिसली: साइड स्टँड डावीकडे असल्याने गाडी नेहमीपेक्षा उभी राहते आणि हलक्या धक्क्यानेही उजवीकडे पडू शकते.

कॅन सीटमागच्या कॅरिअरवर मधोमध बांधला की ही ओढ संपते. मागच्या आसापासून २५ सेंटिमीटर मागे ठेवलेले नऊ किलो पुढच्या चाकावरचा भार जेमतेम दीड किलोने घटवतात. तरी खड्ड्यातून जाताना शेपूट डोलते, कारण वजन गुरुत्वमध्यापासून जितके दूर, तितका वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. शिवाय कॅन उंचावर असतो. कल्याण-शीळ रस्त्यावर पत्रीपुलाच्या कोंडीत पायी चालण्याच्या वेगाने सरकताना हे सर्वांत जास्त जाणवले. त्या वेगात हँडल वळवून तोल सावरणे अवघड असते, आणि कललेली गाडी पायावर पेलताना उंचावरचा प्रत्येक किलो जड होतो.

सर्वांत कमी फरक पडला तो पाच-पाच लिटरचे दोन कॅन टाकीच्या दोन्ही बाजूंना लावल्यावर. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला १५ लिटरची टाकी आणि तिच्या दोन्ही अंगांना लोखंडी चौकट होती. कॅन तिथे बांधता येत. हे वजन चाकांच्या दरम्यान, गुरुत्वमध्याच्या जवळ राहते. चौकट हँडलवर नसून सांगाड्यावर असल्याने हँडलही जड होत नाही. गुडघ्यांना थोडी अडचण होते एवढेच.

अर्धा भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा त्रासदायक असतो. ब्रेक दाबल्यावर किंवा वळणात आतले पेट्रोल उसळते आणि धक्का थोड्या वेळाने, नको त्या क्षणी बसतो. म्हणून मुख्य टाकीत जागा झाली की एका वेळी पूर्ण कॅन रिकामा करावा. कॅन एका बाजूला एक असे असतील तर दोन्हींतून सारखे ओतावे. भरतानाही काठोकाठ भरू नये. पाच लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले की सुमारे १०० मिलिलिटरने फुगते.

मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करून टायरची हवा गाडीच्या पुस्तकात पूर्ण भारासाठी दिलेल्या आकड्याइतकी ठेवली की बराचसा डोल जातो. पट्टे दर थांब्यावर तपासावेत. सैल पट्टा असेल तर चांगली जागाही वाया जाते.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगता येते. धातूचा डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको आणि बूच घट्ट हवे. कायमची जोडटाकी बसवणे हा मात्र गाडीच्या रचनेतला बदल आहे. तो १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, म्हणून ठाण्याच्या किंवा कल्याणच्या आरटीओत आधी विचारणा करावी.